दिवसाची नोकरी, रात्रीची शाळा

संसाराचा भार मानेवर आल्यानंतर पुन्हा पाटी-पुस्तक हाती धरणाऱ्या माणसाकडे आपला समाज थोड्या कौतुकाने आणि बऱ्याचशा थट्टेने पाहत आला आहे. वास्तविक ही परंपरा महाराष्ट्रात पावणेदोनशे वर्षांच्या घरात आलेली आहे. तिचा इतिहास चाळला म्हणजे असे दिसते की, अशा माणसाला बुद्धी क्वचितच आडवी आली. आडवा आला तो वेळ. आपल्या ज्ञातीतील बहुतेक चाकरमानी पोटासाठी मुंबई-पुण्यासच आले, म्हणून आम्ही येथे मुख्यतः त्या दोन शहरांपुरतेच लिहीत आहोत.

प्रारंभ पुण्यापासून करणे प्राप्त आहे. महात्मा जोतीराव फुले यांचे शिक्षण मध्यंतरी खंडित झाले होते आणि १८४१ साली, विवाह झालेला असताना, ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा दाखल झाले. शिक्षणाचा धागा तुटणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगावयास नको होते. १८५५ साली त्यांनी आपल्या राहत्या घरी शेतकरी व मजूर स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. तेथे ते आणि सावित्रीबाई स्वतः शिकवीत. दिवसभर खपणारा माणूस दिवसा शाळेस येऊ शकत नाही, तेव्हा शाळेनेच त्याच्या सवडीस यावे, हा साधा विचार त्यामागे होता. पुढील सर्व रात्रशाळा याच विचारावर उभ्या राहिल्या.

स्त्रियांच्या बाबतीत अडचण निराळी. रमाबाई रानडे यांना अक्षरओळख झाली ती विवाहानंतर, न्यायमूर्तींच्या घरी, आणि तीही घरातील वडीलधाऱ्या बायकांचा रोष पत्करून. त्याच रमाबाईंनी १९०९ साली पुण्यास सेवासदन सुरू केले. विवाहित व विधवा स्त्रियांना तेथे शिक्षिका व परिचारिका होण्यापर्यंत शिक्षणाची वाट मिळाली. हिंगण्याच्या आश्रमातील पार्वतीबाई आठवले यांचे उदाहरण तर विलक्षणच आहे. वैधव्यानंतर त्या शिकल्या, शिकवू लागल्या, आणि १९१८ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, इंग्रजी शिकावे म्हणून अमेरिकेस गेल्या. तेथे लोकांच्या घरी घरकाम करून त्या राहिल्या. या गोष्टीची आपल्या घरांतून जितकी आठवण व्हावयास हवी तितकी होत नाही.

आता मुंबई. येथे प्रौढांच्या शिक्षणाचा इतिहास शाळांच्या दप्तरात जितका आहे, तितकाच गिरणीच्या भोंग्यात आहे. १९११ च्या कारखाना कायद्याने कापडगिरणीतील पुरुष कामगाराचा दिवस बारा तासांचा ठरविला. १९२२ साली अकरा तास आणि आठवड्याचे साठ, १९३४ च्या कायद्याने दहा आणि चौपन्न, १९४६ साली नऊ आणि अठ्ठेचाळीस असे ते उतरत आले. १९४८ च्या कायद्यानेही तेच प्रमाण ठेवले. बारा तास साच्यासमोर उभे राहून खोलीवर परतलेल्या माणसाने दिव्याखाली बाराखडी गिरवावी, ही अपेक्षाच क्रूरपणाची होती. तासांमागून तास सुटत गेले, तसतसा त्याला संध्याकाळ नावाचा पदार्थ मिळाला. तोही अर्धाच, कारण पाळी बदलली की शाळा बुडे. एक आठवडा वर्गात आणि दुसरा आठवडा खात्यात, अशाने गणिताचा दुवा कसा राहावा? रात्रशाळेतून मध्येच गळालेल्यांना आळशी म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

कारकुनीचे दार निराळ्याच किल्लीने उघडे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि पुढे मॅट्रिक हा शब्द नोकरीच्या बाजारात चलनी नाण्यासारखा झाला. नॉन-मॅट्रिक शिपाई आणि मॅट्रिक कारकून यांच्या पगारात, बसण्याच्या जागेत, लग्नाच्या बाजारातही, अंतर पडले. खेर मंत्रिमंडळाच्या काळात साक्षरतेची मोहीम झाली, परंतु साक्षरतेने सही येते, बढती येत नाही. ही अडचण ज्यांनी नीट ओळखली त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अग्रणी होत. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली आणि १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. तेथील वर्ग सकाळी भरत, आणि त्यामुळे कचेरीत काम करणाऱ्या तरुणास पदवी घेता येऊ लागली. अन्य जातींच्या मंडळींनीही या सोयीचा लाभ घेतला, हे कृतज्ञतापूर्वक नमूद केले पाहिजे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने सुमारे अडीच लाख कामगारांच्या जीवनात उलथापालथ केली. पुष्कळांना पुन्हा खात्यात पाऊल ठेवता आले नाही. वीस-वीस वर्षे साचा चालविलेल्या हातांजवळ त्या कौशल्याचा कागद नव्हता, आणि नव्या नोकरीचा अर्ज प्रथम कागदच विचारी. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले. बारावी न झालेल्या प्रौढांसाठी त्याने पूर्वतयारीचा शिक्षणक्रम ठेवला, तेव्हा पुष्कळ बंद दारे किलकिली झाली. दहावी-बारावीस बाहेरून बसणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म तर घरोघरी ठाऊक आहे.

तथापि वयाची अट राहतेच. राज्य शासनाच्या सेवेत प्रवेशासाठी खुल्या प्रवर्गाची कमाल वयोमर्यादा २०१६ साली तेहेतीसवरून अडतीस झाली, मागासवर्गीयांसाठी ती त्रेचाळीस झाली. चाळिशीत उत्तीर्ण झालेल्या खुल्या प्रवर्गातील माणसाला सरळ भरतीचा उपयोग नाही. त्याला आहे त्या नोकरीतील बढतीवरच भिस्त ठेवावी लागते. शिकण्याचा सल्ला देणाऱ्यांनी हेही सांगावे.

राहिला प्रश्न आपल्या संस्थेचा. आमचे शिष्यवृत्तीचे नियम टक्क्यांवर बांधलेले आहेत, आणि ते वीस वर्षांच्या आतील मुलामुलींस अनुलक्षून. दोन मुलांची आई सतरा नंबरचा फॉर्म भरून पंचेचाळीस टक्क्यांनी दहावी झाली, तर तिचे नाव या पुस्तकाच्या गुणगौरवाच्या पानावर येण्याची तरतूदच नाही. ती येत्या सर्वसाधारण सभेत व्हावी, अशी आमची सूचना आहे. सोबत आणखी एक. ज्ञातिगृहाच्या वरच्या दोन खोल्या लग्नसराईचे दिवस वगळता संध्याकाळी कुलूपबंद असतात. एका खोलीच्या चाळीतील घरात दूरचित्रवाणी चालू असताना अभ्यास होत नाही, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. त्या खोल्या सायंकाळी सात ते दहा, जात न विचारता, नोकरी करून शिकणाऱ्यांस खुल्या कराव्यात. दिवाबत्तीचा आणि पहारेकऱ्याचा खर्च किती येईल, त्याचा अंदाज चिटणीसांनी सभेपुढे ठेवावा.