हृदयशस्त्रक्रियेतील द्रवनिवड : एकत्रित पुराव्याची विश्वसनीयता

हार्ट-लंग मशीनच्या नळ्या शस्त्रक्रियेपूर्वी एक ते दोन लिटर द्रवाने भराव्या लागतात (प्राइमिंग). रक्तदाब राखण्यासाठी पुढेही शिरेतून द्रव द्यावा लागतो. रिंगरसारखे क्षारद्राव स्वस्त, पण ऊतींत लवकर झिरपतात. अल्ब्युमिन व स्टार्च ही कलिले (कोलॉइड) रक्तवाहिन्यांत अधिक टिकतात असे मानले जाते. बहुतेक चाचण्या लहान. म्हणून त्यांची बेरीज (मेटा-अॅनालिसिस) करण्याचा प्रघात पडला.

बोल्ट प्रकरण : जर्मनीतील लुडविग्सहाफेनचे भूलतज्ज्ञ योआखिम बोल्ट यांनी स्टार्चवर विपुल लिहिले. डिसेंबर २००९ मध्ये ‘अॅनेस्थेसिया अँड अॅनाल्जेसिया’ या नियतकालिकात त्यांचा स्टार्च व अल्ब्युमिन प्राइमिंगची तुलना करणारा लेख आला. आकड्यांतील चढउतार न पटण्याइतका कमी असल्याचे वाचकांनी कळवले आणि २०१० मध्ये लेख मागे घेतला गेला. २०११ साली नियतकालिकांच्या संपादकांनी त्यांच्या १०२ पैकी ८८ लेखांमागे नीतिसमितीची मान्यता नसल्याचे जाहीर केले. हे लेख मागे घेण्याचे कारण मान्यतेचा अभाव हे होते, खोटे आकडे नव्हे; २०१२ च्या चौकशी अहवालात मात्र किमान दहा लेखांत खोटी माहिती आढळली. मागे घेतलेल्या लेखांची संख्या पुढे दोनशेवर गेली.

बेरजेवर परिणाम : झारिखान्स्की व सहकाऱ्यांच्या २०१३ च्या विश्लेषणात (अतिदक्षता रुग्ण) बोल्ट यांच्या ७ चाचण्या, ५९० रुग्ण, धरल्या असता स्टार्चचा मृत्यूशी संबंध काठावर राहिला (सापेक्ष जोखीम १.०७), वगळल्यावर स्पष्ट झाला (१.०९). फरक दिसायला क्षुल्लक, पण निष्कर्षाची भाषा त्यानेच बदलली. हृदयशस्त्रक्रियेपुरते, २०१२ मध्ये नाविकिस आदींनी १८ चाचण्यांतील ९७० रुग्ण तपासले. रक्तस्रावासाठी छाती पुन्हा उघडण्याची जोखीम स्टार्च गटात अल्ब्युमिनच्या दुपटीहून अधिक होती. प्रस्तुत नोंदकाराला भूलतज्ज्ञ म्हणून हाच आकडा सर्वांत मोलाचा वाटतो. अमेरिकी औषध प्रशासनाने २०१३ मध्ये हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांत स्टार्च टाळण्याचा इशारा दिला.

अल्ब्युमिन : १९९८ च्या कॉक्रेन बेरजेने (३० चाचण्या, १,४१९ रुग्ण) शंभरामागे सहा जादा मृत्यू दाखवले. २००४ च्या सेफ चाचणीत ६,९९७ रुग्णांत अल्ब्युमिन व सलाइन गटांत मृत्यू अनुक्रमे ७२६ व ७२९. मात्र हृदयशस्त्रक्रियेचे रुग्ण तीतून वगळले होते. ती उणीव हेलसिंकीतील २०२२ च्या चाचणीने काही अंशी भरली : १,३८६ रुग्णांत गंभीर दुष्परिणाम अल्ब्युमिन गटात ३७.१ टक्के, रिंगर अॅसिटेट गटात ३३.८ टक्के; फरक निर्णायक नाही.



स्टार्चबाबत पुढे युरोपीय आयोगानेही पाऊल उचलले : मे २०२२ मध्ये त्याने स्टार्च-द्रावांच्या विक्रीपरवान्यांना स्थगिती दिली.