बिस्किटातले फूल

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्याचा इतिहास लिहिताना आपण कारखान्यांची नोंद घेतो, खाण्यापिण्याची घेत नाही. अलीकडे इथल्या दिवाळीच्या भेटखोक्यांत गुलाबपाकळ्या लावलेल्या कुकीज दिसतात आणि ती नवी टूम समजली जाते. मला मात्र असे दिसते की, यात बिस्कीट नवे नाही, त्यातले फूलही नवे नाही. नवा आहे तो गुलाब.

पुण्याची ओळख बनलेल्या श्रुजबेरी बिस्किटापासून सुरुवात करू. हे नाव इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातल्या एका गावाचे. १६५८ साली लंडनमध्ये छापलेल्या ‘द कम्प्लीट कुक’ या पाकपुस्तकात श्रुजबेरी केकची कृती आहे. तीत लोणी तास-दोन तास गुलाबपाण्यात ठेवायला सांगितले आहे. मग पाणी ओतून टाकायचे आणि लोणी पिठात मिसळायचे. यामागचे तत्त्व आपल्याकडच्या फुलेलाचेच आहे. तीळ आणि फुले यांचे थर लावून ठेवले की तिळातले तेल सुगंध धरते. इथे तो लोणी धरते. नुसती पाकळी भट्टीत काळवंडते आणि तिचा वास उडतो. स्निग्धात मुरलेला वास थोडाफार तरी टिकतो.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी भट्टीतून गुलाबपाणी मागे पडले आणि व्हॅनिला आला. १८७४ साली जर्मनीत व्हॅनिलिन कृत्रिम रीतीने तयार झाले, तेव्हापासून तो वास स्वस्तही होत गेला. पुण्याच्या कॅम्पात इराणी बंधूंनी १९५५ मध्ये कयानी बेकरी सुरू केली, तोवर गुलाबपाण्याचा जमाना केव्हाच सरला होता. आपल्या श्रुजबेरीत लोण्याचा वास आहे, गुलाबाचा नाही.

त्याच सुमारास पिंपरीचे रूप पालटत होते. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये स्थापन झाली, १९६२ मध्ये एमआयडीसी आली, १९७० मध्ये नगरपालिका झाली. कामगार वसाहतींत ओव्हन कुठला? मैदा, पिठीसाखर आणि तूप डब्यांत भरून बायका जवळच्या बेकरीत जात आणि नानकटाई भाजून आणत. तिच्यावर चारोळी, पिठात वेलदोडा. ऐपत असली तर केशर. केशर म्हणजे फुलाचाच भाग, हे आपण विसरतो. मसाल्याच्या डब्यात ही गंमत पुष्कळ आहे. दगडफूल हे फूल नव्हे, ते शैवाक. चक्रफूल हे फळ. आणि जिच्या नावात फूल नाही ती लवंग म्हणजे मात्र न उमललेली कळी.

फाळणीनंतर पिंपरी कॅम्पात वसलेल्या सिंधी कुटुंबांनी थादल आणली. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी यांच्याबरोबर तीत गुलाबाच्या पाकळ्या वाटल्या जातात. मराठी घरांत गुलकंद होताच: पाकळ्या आणि साखर यांचे थर बरणीत भरून उन्हात मुरवलेला. हदगा, शेवगा, भोपळा यांच्या फुलांची भाजी तर सर्वांच्या ओळखीची. म्हणजे फूल खाणे या पट्ट्याला परके नव्हते. पण कोणते फूल खायचे आणि कण्हेरीसारखे कोणते तोंडाजवळही न्यायचे नाही, हे घरात ठाऊक असे.

आज चित्र वेगळे आहे. चाकणपासून जवळच तळेगावला एमआयडीसीचे फ्लोरिकल्चर पार्क आहे. मावळातल्या पॉलिहाऊसचे गुलाब फेब्रुवारीत ‘व्हॅलेंटाइन डे’साठी परदेशी जातात. हा गुलाब लांब दांड्यासाठी आणि फुलदाणीत टिकण्यासाठी जोपासलेला. सुगंध त्यात बेताचाच. लाल कोळी, फुलकिडे, भुरी यांच्यासाठी त्यावर फवारण्या होतात, कारण परदेशी बाजारात कीड चालत नाही. त्यात शेतकऱ्याची काही लबाडी नाही. तो फुलदाणीसाठी पिकवतो. चूक होते ती पुढे, हेच फूल बाजारातून आणून बिस्किटावर ठेवले जाते तेव्हा. फवारलेल्या औषधाचा सगळा अंश धुऊन जातोच असे नाही, आणि भट्टीच्या आचेवर विसंबणेही बरे नाही.

गुलकंदाचा गुलाब निराळा: पाकळ्या नाजूक, वास दरवळणारा, पहाटे तोडायचा आणि त्याच दिवशी साखरेत घालायचा. तो दूरच्या प्रवासाला टिकत नाही, म्हणून पॉलिहाऊसच्या हिशेबात बसत नाही. पण इथे खाणाऱ्यांचे शहर शेताला लागूनच आहे. मावळ-खेडच्या एखाद्या शेतकऱ्याने खाण्यासाठी म्हणून असा गुलाब लावला, तर त्याला परदेशी पाठवण्याची गरज नाही. पिंपरीची गिऱ्हाइके तासाभराच्या अंतरावर आहेत. तोवर कुकीज करणाऱ्या गृहिणींनी घरचा गुलकंद वापरावा, आणि पाकळी विकत घ्यायचीच असेल तर ती खाण्यासाठी पिकवली होती का, एवढे विक्रेत्याला जरूर विचारावे.