धोतराच्या गाठीपासून आठव्या क्रोमोसोमपर्यंत

अमेरिकेत कृष्णवर्णीय पुरुषांना प्रोस्टेटचा कॅन्सर गोऱ्यांपेक्षा साधारण ७० टक्क्यांनी जास्त होतो, आणि त्याने मरणाऱ्यांचं प्रमाण तर दुप्पट. वयाचा हिशेब सारखा केला की अमेरिकेत लाख पुरुषांमागे वर्षाला सत्तरहून जास्त रुग्ण सापडतात, भारतात पाच-सहा. दिवाळीत खामगावला हे आकडे घरी सांगितले, तर मोठे बाबा अडकित्ता खाली ठेवून म्हणाले, "म्हंजे आपल्याले भेवच नाही. तो तिकडच्या लोकायचा रोग हाय."

विषय तिथेच संपला असता. पण मी पडलो सॉफ्टवेअरवाला. टेबलात 'वंश' नावाचा कॉलम दिसला की तो नक्की कशाच्या बदल्यात उभा आहे, हे बघितल्याशिवाय चैन पडत नाही. शोधायला लागलो तर कळलं, हा प्रश्न मुंबईत एका मराठी डॉक्टरने ८० वर्षांपूर्वीच हातात घेतला होता.

डॉ. वसंत रामजी खानोलकर. जन्म १८९५चा, पॅथॉलॉजीचं शिक्षण लंडनला, आणि १९४१ मध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडलं तेव्हापासून तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख. १९४५ मध्ये त्यांनी आणि डॉ. सूर्याबाई यांनी भारतातल्या काही नव्या कॅन्सरांवर एक लेख लिहिला. त्यातला एक म्हणजे 'धोती कॅन्सर'! कमरेवर जिथे धोतर वर्षानुवर्षं करकचून बांधलं जातं, नेमकं तिथेच कातडीला होणारा. आता असा कॅन्सर युरोपात दिसत नाही म्हटल्यावर एखाद्या साहेबाने 'हिंदी कातडीचा गुण' असं ठोकून दिलं असतं. खानोलकरांनी धोतराची गाठ कुठे बसते ते बघितलं. खैनी ओठात धरणाऱ्यांच्या ओठाच्या कॅन्सरचंही तेच.

म्हणून ते आनुवंशिकता मानत नव्हते असं अजिबात नाही. पुढच्या काही वर्षांत एल. डी. संघवींबरोबर त्यांनी मुंबईतल्या सहा समाजांची, म्हणजे आपापल्यातच लग्नं करणाऱ्या गटांची, सात आनुवंशिक लक्षणं मोजली. एकाच शहरात राहूनही गटागटांत मोजता येण्याजोगे फरक निघाले. म्हणजे 'भारतीय' हा एकच डबा नाही, हे तेव्हाच दिसलं होतं.

१९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीच्या डॉ. जस्सावाला यांनी मुंबईत भारतातली पहिली लोकसंख्येवर आधारलेली कॅन्सर नोंदणी सुरू केली. त्यात धर्माची नोंद होती, आणि पारशी स्त्रियांत स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण इतरांपेक्षा खूप जास्त निघालं. रक्त? शतकानुशतकं आपसातच लग्नं, तेव्हा शक्य आहे. पण उशिरा लग्न आणि कमी मुलं हेही त्याच समाजात जास्त. दोन व्हेरिएबल एकदमच बदलले की बग कुठे आहे ते कसं सांगणार?

प्रोस्टेटचं घोडं इथेच अडलं होतं. १९४१ मध्ये चार्ल्स हगिन्सने दाखवलं की हा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर पोसला जातो (१९६६ मध्ये नोबेल मिळालं). साहजिकच पहिला संशय हार्मोन पकडणाऱ्या रिसेप्टरच्या जीनवर. त्यातला एक वारंवार येणारा तुकडा कृष्णवर्णीयांत सरासरीने आखूड असतो. कागदावर एकदम फिट्ट! पुढच्या मोठ्या अभ्यासांत तो दुवा फारसा टिकला नाही. असो.

खरा धागा २००६ मध्ये सापडला, आठव्या क्रोमोसोमच्या एका पट्ट्यात. गंमत म्हणजे तिथे जीन जवळजवळ नाहीतच. शेजारी पेशींची वाढ हाकणारा 'मिक' नावाचा जीन आहे. म्हणजे दोष प्रोग्रॅममध्ये नाही, कॉन्फिग फाइलमध्ये म्हणा. जोखीम वाढवणारे इथले काही बदल आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत जास्त आढळतात. २०२१ च्या एका प्रचंड अभ्यासात असे २६९ बदल एकत्र मोजले, तेव्हा आफ्रिकी वंशाच्या पुरुषांची सरासरी आनुवंशिक जोखीम युरोपीय वंशाच्या २.१८ पट निघाली.

तेव्हा रक्तात काही आहे, हे मान्य. पण ते आजार होण्याबद्दल. मरणाचं काय? २०१९ मध्ये तीन लाखांवर अमेरिकन रुग्णांचा हिशेब झाला. माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांत, जिथे सगळ्यांना सारखे उपचार मिळतात, आजाराची अवस्था वगैरे सारखी धरल्यावर कृष्णवर्णीय जास्त मरत नव्हते. 'दुप्पट' मधला बराच भाग रेणूंचा नव्हता, दवाखान्याच्या दाराचा होता.

आणि आपले पाच-सहा? २०२१ च्या त्या अभ्यासात युरोपीय, आफ्रिकी, पूर्व आशियाई आणि हिस्पॅनिक असे चार गट होते. आपला गटच नाही. अमेरिकेत राहणाऱ्या भारतीयांत मात्र हा कॅन्सर भारतातल्यापेक्षा कितीतरी जास्त सापडतो. खाणं-पिणं बदललं हे एक कारण असेल, पण तिथे शोधतातही जास्त. पीएसए नावाची रक्तचाचणी रुळली तशी १९९२ च्या आसपास अमेरिकेतल्या रुग्णांची संख्या एकदम उंच गेली होती. तीन-चार वर्षांत कुणाचे जीन बदलत नाहीत. आमच्याकडे सत्तरीतला माणूस रात्री चारदा लघवीला उठला तर 'वय झालं' म्हणतात आणि कूस बदलतात. बहुतेकदा ती नुसती वाढलेली ग्रंथीच असते. पण तपासलंच नाही, तर कॅन्सर असला तरी तो कुठल्याच आकड्यात येत नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला १९८७ मध्ये ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली, तेव्हा हीच अडचण होती. दवाखान्यात बसून रुग्ण मोजावेत, तर गावातले लोक दवाखान्यापर्यंत येतच नव्हते. मग नोंदणीची माणसं स्वतःच बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांत गावोगाव फिरायला लागली, कुणाला गाठ आहे का, कुठून रक्त जातं का, असं विचारत.