रविवारीच ड्युटी, रविवारीच मिस्सा: नोकरी करणाऱ्या कॅथलिक आई-बाबांना श्रद्धेचा आधार कसा मिळतो?

शनिवार-रविवार आला की मुरुड-काशीदचा रस्ता पुण्या-मुंबईच्या गाड्यांनी भरून जातो. होमस्टेमध्ये चादरी बदलायच्या असतात, खानावळीत मासे तळायचे असतात, राजपुरीहून जंजिऱ्याकडे होड्या सुटत असतात. आपला सुट्टीचा दिवस हा इथल्या माणसांचा सगळ्यात धावपळीचा दिवस.

आता याच पट्ट्यातलं एखादं कॅथलिक घर डोळ्यांसमोर आणा. आई-बाबा दोघंही कामावर, मुलं लहान, आणि धर्म सांगतो की रविवारची मिस्सा चुकवायची नाही. मिस्सा म्हणजे कॅथलिकांची मुख्य सामूहिक उपासना, साधारण तासाभराची. मग श्रद्धा अशा घराला बळ देते, की आधीच्या कामांत आणखी एकाची भर टाकते?

पण मुरुड तालुक्यात कॅथलिक कुठून आले?

मुरुडहून अलिबागकडे निघालात आणि काशीद मागे टाकलं की रेवदंड्याच्या खाडीच्या अलीकडे कोर्लई लागतं. आपल्याला ते किल्ला आणि दीपगृहामुळे माहीत असतं. समोरच्या चौलला सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ठाण मांडलं होतं. कोर्लईचा डोंगरी किल्ला त्यांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून घेतला आणि १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. पोर्तुगीज गेले, पण गावातली ख्रिस्ती वस्ती राहिली. माउंट कार्मेल चर्च त्याच वस्तीचं.

या वस्तीची घरात बोलायची भाषा वेगळी आहे. पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून तयार झालेली ही भाषा बोलणारे लोक हजाराच्या घरात असतील. ते तिला 'नोलिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमंट्स यांनी तिच्यावर १९९६ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. ती टिकण्यामागे धर्माचा मोठा वाटा होता असं ते मांडतात. शेजारच्या हिंदूंपासून धर्मामुळे आणि इतर ख्रिश्चनांपासून जातीमुळे ही वस्ती बाजूला पडली, आणि तिचं बोलणं आपसातच राहिलं. म्हणजे शाळेत कुणी न शिकवता, शेतमजुरी करणाऱ्या घरांनी भाषा आणि धर्म दोन्ही पुढच्या पिढीला दिले. 'वर्किंग पेरेंट' हा शब्द आपल्याला ऑफिसवाला वाटतो, पण शेतात राबणाऱ्या आईला तो कधीच लागू होता.

रविवार चुकला तर पाप लागतं का?

बहुतेक आई-बाबांच्या मनातला सल इथेच असतो, म्हणून हे नीट समजून घेऊ.

नियम कडक आहे. १९८३ च्या चर्चच्या कायदेसंहितेतलं १२४७ वं कलम सांगतं की रविवारी आणि ठरावीक सणांना मिस्सेला हजर राहणं बंधनकारक आहे. मुद्दाम चुकवणं हे कॅथलिक धर्मशिकवणीत गंभीर पाप मानलं जातं. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात इतकं पाठ होतं आणि आयुष्यभर लक्षात राहतं.

पुढचा भाग मात्र फारसा कुणाच्या लक्षात राहत नाही. १९९२ च्या अधिकृत धर्मशिकवणीत, परिच्छेद २१८१ मध्ये, गंभीर कारण असेल तर सूट आहे. तिथे दोन उदाहरणं दिली आहेत: आजारपण आणि तान्ह्या बाळांची काळजी. तान्ह्या बाळाची काळजी! रात्रभर बाळाला घेऊन जागलेली आई रविवारी सकाळी चर्चला पोहोचली नाही, तर तिने अपराधी वाटून घ्यावं असं चर्च म्हणतच नाही.

परिच्छेद २१८७ तर जणू मुरुडसाठीच लिहिलाय. खाद्यगृहं, खेळ, सार्वजनिक सेवा यांमुळे काही जणांना रविवारी काम करावं लागतं हे त्यात मान्य केलं आहे. अशांनीही विश्रांतीसाठी पुरेसा वेळ राखावा असं त्यात म्हटलंय. आणि रविवार पाळण्यात दुसऱ्याला अडथळा येईल अशा मागण्या विनाकारण करू नयेत, असंही ख्रिस्ती माणसाला बजावलंय. ही दुसरी बाजू कॅथलिक मालकांनीही वाचायला हवी, असं मला वाटतं.

शिवाय पर्याय आहेत. कलम १२४८ नुसार शनिवारी संध्याकाळची मिस्साही रविवारची धरली जाते. ती होत असेल तिथे रविवारच्या ड्युटीचा प्रश्न बराच सुटतो. तेही शक्य नसेल, तर एकट्याने किंवा कुटुंबासोबत योग्य वेळ प्रार्थना करावी, असं तेच कलम सुचवतं. आणि कलम १२४५ प्रमाणे आपल्या चर्चचे मुख्य फादर योग्य कारणासाठी या बंधनातून मोकळीक देऊ शकतात किंवा त्याऐवजी दुसरं धर्मकृत्य सांगू शकतात. फादरांना विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. हा अधिकार त्यांना अशाच प्रसंगांसाठी दिलेला आहे.

रोजच्या दिवसात काय उरतं?

मुख्य म्हणजे रोझरी, म्हणजे जपमाळ. पाच दशकांची माळ पंधरा-वीस मिनिटांत होते. तिला फादर लागत नाहीत आणि चर्चही लागत नाही. एसटीत उभं राहूनही ती बोटांवर मोजता येते. घरात म्हणायची तर संध्याकाळी सगळे एकत्र बसतात, आणि दिवसातली तेवढी वीस मिनिटं कुणाच्या हातात मोबाइल नसतो. धार्मिक नसलेल्या माणसालाही यातला फायदा कळेल.

मुंबईत कामाला जाणाऱ्यांसाठी माहीमच्या सेंट मायकल चर्चमधली बुधवारची नोव्हेना आहे. १९४८ मध्ये ती सुरू झाली. सकाळपासून रात्रीपर्यंत वेगवेगळ्या भाषांत ती होत राहते, त्यामुळे ऑफिसच्या आधी किंवा नंतर जाता येतं. तिथे इतर धर्मांचे लोकही मोठ्या संख्येने येतात.

स्नानसंस्काराच्या वेळी बाळाला धर्मपिता-धर्ममाता मिळतात, ही आणखी एक सोय. चर्चच्या दृष्टीने त्यांचं काम मुलाला श्रद्धेत वाढायला मदत करणं आहे. फोटोपुरतं नातं ठेवण्यापेक्षा, ज्यांना रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गाला मुलाला नेऊन आणायला सांगता येईल अशी माणसं निवडलेली बरी.

आदर्श कोण?

कॅथलिक संत म्हटलं की मठातली माणसं आठवतात. पण झेली मार्टिन ही फ्रान्समधल्या आलाँसाँची व्यावसायिक होती. लेस बनवण्याचा धंदा चालवायची, कारागिरांना काम द्यायची आणि मुली वाढवायची. तिची नऊ मुलं झाली, त्यातल्या पाच मुली जगल्या. तिच्या पत्रांमधून तिची दमछाक स्पष्ट दिसते. विशेष म्हणजे तिचा नवरा लुई याने स्वतःचं घड्याळाचं दुकान १८७० मध्ये विकलं आणि बायकोच्या धंद्यात हात घातला. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी दोघांना एकत्र संत घोषित केलं. पती-पत्नीला असं एकत्र संतपद मिळण्याची ती पहिलीच वेळ.

इटलीच्या जिआना बेरेत्ता मोल्ला डॉक्टर होत्या, लग्नानंतरही दवाखाना चालवायच्या. २००४ मध्ये त्या संत झाल्या. त्यांच्या चौथ्या बाळंतपणातल्या त्यागाबद्दल खूप बोललं जातं, दवाखान्याबद्दल कमी. बाबांसाठी सुतारकाम करणारे संत योसेफ आहेतच. कामगार म्हणून त्यांचा सण पोप पायस बारावे यांनी १९५५ मध्ये मुद्दाम १ मे रोजी ठेवला.

श्रद्धा कुठे पुरत नाही?

पाळणाघर, रजा आणि पगार यांची जागा प्रार्थना घेत नाही. हे चर्चही सांगतं. पोप जॉन पॉल दुसरे यांच्या १९८१ च्या 'लाबोरेम एक्झेर्चेन्स' या पत्रात कुटुंब चालेल इतकी मजुरी असावी असं म्हटलंय. स्त्रीला पुढे जाण्याची किंमत कुटुंबाच्या रूपात मोजावी लागू नये, अशी कामाची रचना असावी, असंही त्यात आहे. मूल सांभाळण्याचा मुख्य भार मात्र त्यात आईकडेच दिसतो. आजच्या कित्येक जणींना ते पटणार नाही, आणि लुई मार्टिनचं उदाहरण पाहता त्यांचं म्हणणं चुकीचं नाही.

आपल्याकडे २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आली. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं झालं. पण चार खोल्यांच्या होमस्टेमध्ये किंवा दहा टेबलांच्या खानावळीत ५० कर्मचारी नसतात. तिथे काम करणाऱ्या आईचं मूल रविवारी आजीकडे असतं, शेजारणीकडे असतं, नाहीतर स्वयंपाकघराच्या दारात बसलेलं असतं.