हँडिकॅप: टोपीतला हात

‘हँडिकॅप’ म्हटलं की अपंगत्व आठवतं. टोपी पुढे करून भीक मागण्यावरून हा शब्द आला असं काहीजण सांगतात. ते साफ चूक आहे. मूळ आहे ‘हँड इन कॅप’, सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधला अदलाबदलीचा खेळ. दोघांच्या वस्तूंच्या किमतीतली तफावत तिसरा, म्हणजे पंच, ठरवी. पैजेचे पैसे टोपीत पडत. मग दोघं टोपीत हात घालून बाहेर काढत. हातावरून सौदा पटला की नाही ते कळे. इंग्रज रोजनिशीकार सॅम्युअल पेप्सला १६६० साली हा खेळ नवाच होता, आणि आवडलाही. त्याच्या रोजनिशीत तशी नोंद आहे.

पुढे शर्यतीत बरोबरी साधायला सरस घोड्यावर जादा वजन लादू लागले, आणि तिथून शब्द गोल्फमध्ये आला. तिथं हँडिकॅप एकूण फटक्यांतून वजा होतो: ९० फटके, हँडिकॅप १८, तर निव्वळ ७२. २०२० पासूनच्या जागतिक पद्धतीत हँडिकॅप काढताना शेवटच्या २० फेऱ्यांतल्या सर्वोत्तम ८ धरतात. म्हणजे हा आकडा नेहमीचा खेळ नव्हे, खेळाडूची कुवत सांगतो. आपल्याकडच्या कच्च्या लिंबूवर राज्य येत नाही, पण त्याची गणतीही नसते. हँडिकॅपवाला मात्र बरोबरीनं खेळतो, जिंकतोही. व्यंगाचा अर्थ या शब्दाला चिकटला तो फार नंतर, विसाव्या शतकात.