मागच्या बाकावरून मागितलेला हिशेब



मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला. लोणची, मसाले आणि विणकाम यांवर लिहिणाऱ्या माझ्यापेक्षा जाणत्या भगिनी आपल्यात आहेत. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु वाचनाची आवड आहे. वाचनालयातील पुस्तकांतून आणि मुलीने मिळवून दिलेल्या लोकसभेच्या जुन्या वृत्तांतांतून जे समजले, ते साध्या भाषेत आपल्यापुढे ठेवते.

विषय आहे श्री. फिरोज गांधी यांचे लोकसभेतील काम. इंदिराबाईंचे पती आणि पंडित नेहरूंचे जावई म्हणून त्यांचे नाव सर्वांना ठाऊक असते. पण त्यांनी लोकसभेत काय केले, हे विचारले तर बहुतेकजणी गप्प बसतात. वास्तविक त्यांचे काम आपल्या कपाटातल्या विम्याच्या कागदापर्यंत येऊन पोचलेले आहे.

प्रथम मागचे बाक म्हणजे काय ते सांगते. लोकसभेत मंत्री पुढच्या बाकांवर बसतात. त्यांच्या मागे त्यांच्याच पक्षाचे बाकीचे सभासद. त्यांच्याकडे खाते नसते, फायली नसतात, सेक्रेटरी नसतो. पक्षाने सांगितले की हात वर करायचा, एवढेच त्यांचे काम, असा पुष्कळांचा समज असतो. पण घटनेने आणि सभागृहाच्या नियमांनी त्यांनाही साधने दिलेली आहेत. मंत्र्यांना प्रश्न विचारता येतो, चर्चेत बोलता येते, समितीत बसून कागद तपासता येतात आणि स्वतःच्या नावाने विधेयकही मांडता येते. साधने सर्वांना सारखीच. ती वापरणारे मात्र थोडे.

फिरोज गांधींचा जन्म १९१२ साली आपल्या मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. पुढे ते अलाहाबादला वाढले, स्वातंत्र्याच्या लढ्यात तुरुंगात गेले आणि १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत रायबरेलीच्या बाजूने लोकसभेवर निवडून आले. पहिली तीन-साडेतीन वर्षे ते फारसे बोललेच नाहीत. तोंड उघडले ते १९५५ च्या डिसेंबरात, आणि विषय निवडला विम्याचा.

त्या वेळी आयुर्विमा खाजगी कंपन्यांच्या हाती होता. चांगल्या कंपन्याही होत्या. परंतु काही मालकांना विमेदारांचा पैसा आपल्याच घरचा वाटे. भारत इन्शुरन्स ही रामकृष्ण दालमिया यांच्या ताब्यातील कंपनी. तिचे दोन कोटींहून अधिक रुपये कसे कुठल्या कुठे गेले, ते फिरोज गांधींनी आकड्यांनिशी सभागृहात मांडले. दालमियांवर पुढे खटला चालला, आणि १९६२ साली सुप्रीम कोर्टाने त्यांना दोषी ठरविणारा निकाल कायम केला.

या भाषणानंतर थोड्याच दिवसांत, जानेवारी १९५६ मध्ये, सरकारने आयुर्विम्याचा धंदा आपल्याकडे घेतला. तेव्हाचे अर्थमंत्री आपले चिंतामणराव देशमुख. दहा वर्षांत पंचवीस विमा कंपन्या बुडाल्या आणि आणखी पंचवीस कंपन्यांचा कारभार विमेदारांचे नुकसान सोसून दुसऱ्यांकडे सोपवावा लागला, असे त्यांनी सांगितले. विमा सरकारने घ्यावा हा विचार आधीपासून चालू होता, म्हणून सारे श्रेय एका भाषणाला देता येणार नाही. पण त्या भाषणाने विचाराला धार आली हे निश्चित. १ सप्टेंबर १९५६ रोजी लहानमोठ्या २४५ विमा संस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ सुरू झाले. त्याचे मुख्य कार्यालय मुंबईतच.

त्याच वर्षी फिरोज गांधींनी दुसरे एक काम केले. सभासद सभागृहात काहीही बोलला तरी त्याच्यावर खटला होऊ शकत नाही, ही हमी घटनेने दिली होती. पण तेच बोलणे वर्तमानपत्राने छापले, तर बदनामीचा दावा होण्याची भीती होती. म्हणजे आपण निवडून दिलेला माणूस दिल्लीत काय बोलला, हे आपल्याला कळण्याची वाटच अडलेली. फिरोज गांधींनी स्वतःच्या नावाने विधेयक आणले. सभागृहाच्या कामकाजाचा खरा वृत्तांत मनात आकस न ठेवता छापला, तर त्याबद्दल खटला होऊ नये, असे त्यात होते. विधेयक मंजूर होऊन १९५६ साली त्याचा कायदा झाला. मंत्री नसलेल्या सभासदाचे विधेयक मंजूर होणे ही किती दुर्मिळ गोष्ट! स्वातंत्र्यानंतर आजवर अशी अवघी १४ विधेयके कायदा होऊ शकली, आणि १९७० नंतर एकही नाही.

आता मुख्य प्रकरणाकडे वळते. महामंडळ स्थापन होऊन वर्षही झाले नव्हते. जून १९५७ मध्ये महामंडळाने हरिदास मुंध्रा नावाच्या कलकत्त्याच्या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले. मुंध्रा अडचणीत होता, त्याच्या डोक्यावर कर्ज होते. पैसे कुठे गुंतवावे याचा सल्ला देणारी समिती महामंडळापाशी होती. पण सौद्याच्या आधी तिला विचारलेच नाही. लोकसभेत प्रश्न आले, तेव्हा उत्तरे मिळाली ती अर्धवट आणि फिरवाफिरवीची.

१६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज गांधी उभे राहिले. आज मी जोराने मारणार आहे आणि समोरून त्याहून जोराचा मार येईल याचीही तयारी ठेवली आहे, असे त्यांनी सुरुवातीलाच सांगितले. समोर कोण होते? त्यांच्याच पक्षाचे अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी, आणि पंतप्रधान तर प्रत्यक्ष सासरे! पण फिरोज गांधींनी शिव्याशाप दिले नाहीत, आरडाओरडा केला नाही. त्यांनी भाव वाचून दाखविले. अमुक दिवशी या शेअरचा बाजारात काय भाव होता, सौद्याच्या तोंडावर तो कसा चढला, महामंडळाने काय दिला आणि मग तो कसा उतरला. आपण मंडईत गेलो आणि काल दहा रुपयांना असलेली जुडी नेमकी आपल्याला बारा रुपयांना मिळाली, तर आपण विचारतोच ना? तोच प्रश्न, फक्त सव्वा कोटींचा. या सर्वांत बलाढ्य संस्थेला संसदेने जन्म दिला आहे, तेव्हा तिच्यावर नजर ठेवणे हेही संसदेचेच काम आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

सरकारने मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांचे एकसदस्य कमिशन नेमले. चौकशी मुंबईत झाली, आणि बंद दाराआड नव्हे, तर उघड. लोक ऐकायला इतके जमत की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. बडे बडे अधिकारी आणि स्वतः अर्थमंत्री साक्षीला आले. छागलासाहेबांनी काम लांबविले नाही. फेब्रुवारी १९५८ मध्ये अहवाल दिला. सेक्रेटरीने केलेल्या कृत्याची जबाबदारी मंत्र्याला टाळता येणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. विमेदारांचा पैसा विमेदारांच्याच हितासाठी वापरावा, दुसऱ्या कोणत्याही कामासाठी नव्हे, आणि संसदेला वेळेवर विश्वासात घ्यावे, असेही त्यांनी लिहिले. त्याच महिन्यात अर्थमंत्र्यांनी राजीनामा दिला. मुंध्राला पुढे तुरुंगवास झाला.

फिरोज गांधी एवढ्यावर थांबले नाहीत. टाटांचा टेल्को कारखाना रेल्वेला जी इंजिने देतो त्यांची किंमत जपानी इंजिनांच्या जवळजवळ दुप्पट पडते, असे सांगून त्यांनी तेथेही हिशेब मागितला. टाटा पारशी, हे स्वतः पारशी. समाजात नाराजी झाली. पण हिशेबाला जात नसते. संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये ते जेथे बसत, त्या जागेला लोक 'फिरोजचा कोपरा' म्हणू लागले. ८ सप्टेंबर १९६० रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वयाची अठ्ठेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

कोणी म्हणेल, एवढे करून काय उरले? कृष्णम्माचारी १९६२ मध्ये पुन्हा मंत्रिमंडळात आले आणि पुढल्या वर्षी पुन्हा अर्थमंत्री झाले. वर्तमानपत्रांना अभय देणारा तो कायदा आणीबाणीत, १९७६ साली, रद्द झाला. आणि तेव्हा पंतप्रधान होत्या इंदिराबाई. हे वाचताना मला फार वाईट वाटले. परंतु गोष्ट तेथे संपत नाही. १९७७ साली तसाच कायदा पुन्हा झाला आणि १९७८ च्या दुरुस्तीने ते संरक्षण थेट घटनेतच गेले. सरकारी उद्योगांचे हिशेब तपासण्यासाठी १९६४ साली संसदेची कायमची समिती नेमली गेली. ती आजही काम करते. म्हणजे माणूस गेला, पण त्याच्या प्रश्नाला घर मिळाले.

दुसरे कोणी म्हणेल, पंतप्रधानांचा जावई होता, त्याला कोण हात लावणार! यात काही अंशी तथ्य आहे. पण असे नाते असलेला माणूस सहसा गप्प बसून आपले साधून घेतो. त्यांनी नात्याचा उपयोग तसा केला नाही, म्हणून मला त्यांचे मोल अधिक वाटते.

या सर्वाचा आपल्याशी संबंध काय, ते सांगते. मी या घरात येण्यापूर्वीच, १९९६ साली, माझे सासरे अचानक वारले. सासूबाईंच्या पदरी तीन मुले, शेतीवाडी नाही. सासऱ्यांनी पोटाला चिमटा घेऊन भरलेल्या हप्त्यांचे चाळीस हजार रुपये महामंडळाकडून आले. त्यावर घराचे छप्पर झाले आणि दोन्ही नणंदांची शिक्षणे पार पडली. सासूबाई आजही तो जुना कागद देवांच्या फोटोमागे जपून ठेवतात. त्यांना मुंध्रा ठाऊक नाही, छागला ठाऊक नाहीत. पण विधवेच्या पैशाला हात लावला तर लोकसभेत जाब द्यावा लागतो, हा धाक कोणीतरी आधी घालून ठेवला होता, हे मला आता समजले. आज विम्याच्या खाजगी कंपन्याही पुन्हा आल्या आहेत आणि महामंडळाचे शेअरही २०२२ पासून बाजारात आहेत. तेव्हा लक्ष ठेवण्याची गरज वाढली आहे, कमी झालेली नाही.

आपल्या मंडळातही पुढची सतरंजी आणि मागची सतरंजी असतेच. वार्षिक सभेत अहवाल वाचला जातो, टाळ्या होतात, आणि मागे बसणाऱ्या आपण चहाची व्यवस्था बघायला उठतो. भिशी, सहलीची वर्गणी, हळदीकुंकवाचा खर्च, हा पैसा कोणाच्या घरखर्चातून वाचवलेला असतो हे आपल्याइतके कोणाला ठाऊक? प्रश्न विचारला की पदाधिकारी भगिनींवर अविश्वास दाखविला असे मुळीच होत नाही. उलट सर्वांसमोर उत्तर दिले की त्यांचीच मान उंच होते. मात्र विचारायचे ते पावती हाती घेऊन, आकडा नीट वाचून आणि सभेतच, नळावर नव्हे.

म्हणून माझी एक सूचना आहे. या वर्षापासून मंडळाचा जमाखर्च सभेपूर्वी आठ दिवस फलकावर लावावा, म्हणजे प्रत्येकीला तो घरी विचार करून वाचता येईल. आणि सभेत पहिला प्रश्न विचारण्याचा मान मागच्या सतरंजीला द्यावा.