साठीनंतरची ऐरण

क्रॉफर्ड मार्केटजवळच्या लोहार चाळीत आज लोहार शोधायला गेलात, तर दिवे, वायर आणि स्विच घेऊन परत याल. नाव तेवढे उरले आहे. आणि अशा या शहरात निवृत्तीनंतर कुणी म्हणाले, ‘आता ऐरणीवर हात चालवून बघावा,’ की घरचे हसतात. पेटी शिका, बागकाम करा, हे काय भलतेच!

पण याच मुंबईत लोहारकाम कला म्हणून शिकवले जात होते. जे. जे. स्कूल ऑफ आर्टची स्थापना १८५७ची. १८६५च्या सुमारास तिथे विलायतेहून तीन शिक्षक आले. चित्रकलेला ग्रिफिथ्स, शिल्पाला लॉकवूड किपलिंग आणि घडीव लोखंडकामाला हिगिन्स. पहिल्या दोघांची नावे आपण ऐकतो, हिगिन्सला कुणी विचारत नाही! बोरीबंदरच्या स्टेशनाच्या सजावटीत या शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. पुढे १८९१मध्ये लॉर्ड रे यांच्या नावाने तिथे कलाकारागिरीच्या कार्यशाळा सुरू झाल्या.

मग हौस का रुजली नाही? कारण लोहारकी ही आपल्याकडे जात होती आणि पोट होते. परळला १८७९पासून रेल्वेचा कारखाना, भोवती गिरण्या, त्यांत घण मारणारे कामगार. गिरगावातला कारकून खंडेनवमीला शस्त्रे-अवजारे पुजायचा, पण हातोडा हाती धरायचा नाही. अमेरिकेत धंदा मरणपंथाला लागला तेव्हा हौशी माणसेच धावली. अलेक्स बीलर या हौशी लेखकाचे पुस्तक १९६९चे, कलावंत लोहारांची संघटना १९७३ची. आपल्याकडे १९८२च्या संपानंतर एकेक गिरणी थंडावली, अवजारे भंगारात गेली. त्यांच्याबरोबर हातातली विद्याही गेली, तिची मोजदाद कुणी केली नाही. मला वाटते, हे नुकसान जमिनीच्या हिशेबापेक्षा लहान नाही.

तेव्हा साठीत शिकायचे तर कसे? चाळीच्या गॅलरीत भट्टी पेटत नाही, हे आधीच सांगतो. गावी अंगण असेल तर उत्तम, नाहीतर एखाद्या लोहाराच्या शेजारी बसून आधी नुसते बघावे. रस्त्याकडेला पाल ठोकणाऱ्या घिसाडी कुटुंबात बाईही घण मारते. तिचा ताल पाहण्यासारखा असतो. ऐरण महाग वाटली तर रुळाचा तुकडा चालतो. हातोडा किलोभराचाच घ्यावा. जड हातोड्याने लोखंडाआधी खांदा वाकतो.

खरे शिक्षण डोळ्यांचे. लोखंड लाल, नारिंगी, मग पिवळे होते. ठोकायचे ते नारिंगी-पिवळे असताना. पांढरे होऊन ठिणग्या उडू लागल्या, तर ते जळत आहे. साधारण ७७० अंशांपुढे त्याला चुंबक धरत नाही. पोलादाला पाणी द्यायची वेळ त्याच्या थोडी पुढे, आणि ही खूण चष्मेवाल्यालाही कळते. पाणी दिलेले पोलाद काचेसारखे ठिसूळ असते, म्हणून ते पुन्हा हलके तापवतात. घासलेल्या भागावर गवती पिवळा, मग जांभळा, मग निळा रंग चढतो. धारेला पिवळा पुरे, कमानीला निळा.

एक मात्र पथ्य. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा किंवा पाइप भट्टीत घालू नये. त्या धुराने ताप भरतो. डोळ्यांना चष्मा, पायांत कातडी बूट, अंगात सुती कपडे. नायलॉनचा सदरा ठिणगीने अंगालाच चिकटतो.

पहिली वस्तू म्हणून सुरी करू नये. आधी भिंतीतला आकडा करावा. त्यात टोक काढणे, वाकवणे, पीळ देणे सगळे येते. तो वाकडा झाला, तरी त्यावर छत्री अडकते.